दुधिवरे खिंडीतला कातळ : येण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की फोन सुरू होतात. "दादा, दुधिवऱ्याला कातळ चढायला यायचंय, काय काय लागतं?" दरवर्षी तीच उत्तरं, पुन्हा पुन्हा, कधी लोकलच्या गर्दीत उभं राहून. म्हणून यंदा लिहूनच काढलं. आम्ही कुठली संस्था नाही. शनिवार-रविवारी इथे चढणारी, गेली काही वर्षं याच दगडाला हात घासणारी चारपाच माणसं आहोत. त्यामुळे खाली जे आहे ते नियमावली म्हणून वाचू नका, सवयीच्या माणसाचं बोलणं म्हणून वाचा. सुरक्षेचा भाग मात्र नियमासारखाच घ्या.

ही जागा नेमकी कुठे आहे?

मावळात. लोणावळ्याहून पवनानगरकडे जाणारा रस्ता डोंगराची धार ओलांडून पवना धरणाच्या खोऱ्यात उतरतो, ती दुधिवरे खिंड. प्रति पंढरपूर म्हणून ओळखलं जाणारं विठ्ठलाचं मंदिर इथेच आहे आणि लोहगडवाडीकडे जाणारा गाडीरस्ताही इथूनच फुटतो. पाठीशी लोहगड-विसापूर, समोर धरणाचं पाणी आणि त्यापलीकडे तिकोना आणि तुंग. कातळ खिंडीच्या आसपासच आहे, तंगडतोड नाही. हीच त्याची मोठी सोय आणि हाच मोठा धोका. गाडीतून उतरून दहा मिनिटांत दगडाला हात लागतो, त्यामुळे माणूस तयारीशिवाय येतो.

एवढ्याशा कातळासाठी एवढ्या लांब का यायचं? जवळच मोठे किल्ले, सुळके आहेत की.

हा प्रश्न बहुतेक ट्रेकर मंडळी विचारतात, आणि थोडा नाराजीनेच विचारतात. इथे शिखर नाही, दरवाजा नाही, टाकं नाही, वर पोचल्यावर झेंडा लावायला जागा नाही. एका दोराच्या लांबीत चढाई संपते आणि माणूस जिथून निघाला तिथेच परत खाली येतो.

तालीम आणि जत्रेतला फड यांत जो फरक, तोच इथे आहे. पैलवान रोज फडात उतरत नाही, तो तालमीत घाम गाळतो. खडा पारशी, तैलबैला, ड्यूक्स नोज या सुळक्या-कड्यांची नावं ऐकायला भारी, पण तिथे दृष्टिभय (खालची खोली दिसून वाटणारी भीती) पाठीवर बसलेलं असताना पाय कुठे ठेवावा हे शिकता येत नाही. ते इथे शिकायचं. एकच चाल वीस वेळा करायची, वीस वेळा पडायचं, एकविसाव्या वेळी कळतं की हात नव्हे, कंबर चुकीच्या जागी होती. मी एका वीतभर पकडीवर एक अख्खा हिवाळा घालवला आहे. घरच्यांना हे अजून पटलेलं नाही.

रॅपलिंग आणि क्लाइंबिंग एकच ना?

नाही. रॅपलिंग म्हणजे दोरावरून खाली उतरणं, क्लाइंबिंग म्हणजे हातापायांनी वर चढणं. आपल्याकडे पावसाळी सहलींच्या जाहिरातींनी दोन्हींची खिचडी करून ठेवली आहे. "आम्ही रॉक क्लाइंबिंग केलंय" असं सांगणाऱ्या दहातल्या आठांनी धबधब्यातून दोरावरून उतरलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण इथे येऊन "आम्हाला येतं" म्हणू नका. उतरण्याचा अनुभव चढताना फारसा कामी येत नाही, आणि बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळताना, तर मुळीच नाही.

लोहगडाच्या किंवा विसापूरच्या भिंतीवर चढता येईल का?

नको. लोहगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूदृश्यातल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तटबंदीत बोल्ट (दोर अडकवायला दगडात ठोकलेला खिळा) तर सोडाच, चॉकचा (पकडीसाठी बोटांना लावायची पांढरी पूड) हातही लावायचा नाही. विसापूरच्या तटालाही तेच लागू. भाजे आणि बेडसे लेण्यांचे कातळही असेच वर्ज्य. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने घडवलेल्या दगडावर आपण चढाईचा सराव करायचा, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

कसं यायचं?

पुण्याहून लोकलने लोणावळा, मुंबईहून पहाटेची इंद्रायणी. पुढे लोणावळ्यातून रिक्षा किंवा जीप ठरवावी लागते, आणि परतीचं भाडं सकाळीच ठरवून ठेवा, कारण संध्याकाळी खिंडीत उभं राहून रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नये. स्वतःची गाडी असेल तर उत्तम. ती वळणावर लावू नका आणि मंदिराच्या समोर आडवी घालू नका. कार्तिकी एकादशी आपल्या चढाईच्या ऐन मोसमात येते. त्या दिवशी भाविकांची गर्दी असते, तेव्हा आपण दुसरा वार बघावा.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चमध्ये सकाळी दहापर्यंत. त्यानंतर दगड तव्यासारखा तापतो, बोटांचा घाम थांबत नाही आणि पकड निसटते.

पावसाळ्यात नाही. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलीमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कातळावर शेवाळाचा थर चढतो, फटींतून पाणी झिरपत राहतं, वरच्या मातीतून दगड सुटतात. सप्टेंबरात ऊन पडलं म्हणून लगेच धावणारेही असतात. कातळ वरून सुका दिसतो, फटीत हात घातला की चिखल. पाऊस ओसरल्यावर दोनतीन आठवडे थांबा. पहिल्यांदा जे जातात त्यांचं अर्धं काम गवत आणि सुटे धोंडे काढण्याचंच असतं.

इथला दगड कसा आहे? हंपी-बदामीसारखा?

अजिबात नाही. हंपीला ग्रॅनाइट, बदामीला वालुकाश्म. आपला तो काळा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले, त्यातून दख्खनचा पठारी कातळ तयार झाला. सह्याद्रीच्या कड्यांना ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. चढणाऱ्याला हे भूगोलाच्या पुस्तकासाठी नाही, बोटांसाठी माहीत हवं.

लाव्हाच्या प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट, टणक असतो. त्याच्या वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिलेल्या असतात, आणि कित्येकदा त्यांत पांढरी-हिरवट खनिजं भरलेली असतात. त्यांतली बरीच झिओलाइट नावाच्या खनिजांच्या कुळातली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने आहेत. खनिज निघून गेलं की भोक उरतं, आणि ते भोक म्हणजे दोन बोटांची मस्त पकड. पण हाच थर ठिसूळही असतो. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी लालसर मातकट पट्टा येतो. तो दिसला की त्यावर वजन टाकायचं नाही, त्यात काही ठोकायचं नाही.

टणक भागालाही उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यामुळे अख्खाच्या अख्खा ठोकळा भिंतीत नुसता ठेवल्यासारखा बसलेला सापडतो. म्हणून पकड ओढण्याआधी तळहाताने थोपटा. भरीव दगड आवाजच देत नाही, सुटलेला ढोलकीसारखा बोलतो. जो बोलतो तो खाली ओढायचा नाही, बाहेर तर मुळीच नाही. काही न सुचलं तर बाजूच्या पकडीवर जा आणि खाली ओरडून सांगा.

ग्रॅनाइटसारखं इथे नुसत्या घर्षणावर चालत जाता येत नाही. बारीक कडा, आडवे कप्पे, अधूनमधून फट, असं काम आहे. पायाचं काम नीट नसेल तर हात अर्ध्या तासात संपतात.

ग्रेड, म्हणजे चढाईच्या कठीणपणाचे आकडे, काय आहेत? मी क्लाइंबिंग जिमच्या कृत्रिम भिंतीवर ६बी चढतो.

बोल्ट मारलेल्या चढायांना आता सगळीकडे फ्रेंच पद्धतीचे आकडे लावतात, ४, ५, मग ६ए, ६बी असे चढत. जुनी मंडळी सोपी, मध्यम, कठीण अशा तीन श्रेणींत बोलायची आणि त्यांचं "मध्यम" ऐकून आम्ही दोनदा फसलो आहोत.

जिममध्ये पकड रंगीत असते, इथे ती शोधावी लागते. जिममध्ये ६बी असेल तर इथे ५ पासून सुरुवात करा, आणि तेही वरून दोर असताना. याला अपमान समजू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच आकडा उतरतो.

मला काहीच येत नाही. थेट इथे येऊन शिकता येईल?

एकट्याने येऊन नाही. ज्याला बिले, अँकर (दोर ज्याला बांधतात तो पक्का आधार) आणि गाठी डोळे झाकून येतात असा माणूस बरोबर हवा, आणि "मी यूट्यूबवर बघितलंय" हा तो माणूस नव्हे.

महाराष्ट्रात गिर्यारोहण क्लबांची परंपरा जुनी आहे. मुंबईची गिरिविहार १९५४ सालापासूनची. त्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा (दोराशिवाय, कमी उंचीच्या भिंतीवरच्या चढाईचा) विश्वचषक टप्पा झाला होता. पुण्या-मुंबईत आणि इतर शहरांतही असे क्लब आहेत, हिवाळ्यात ते प्रस्तरारोहणाची प्राथमिक शिबिरं घेतात. कुठल्या तरी एका क्लबच्या शिबिराला जा, मग इथे या. पैसे घेऊन चढाई करवणाऱ्यांकडे जाणार असाल तर एक विचारा: राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे तुमची नोंदणी आहे का? प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर उत्तर मिळालंच.

सामान काय आणायचं? सगळं विकत घ्यावं लागेल का?

पहिल्या वर्षी फक्त तीन गोष्टी स्वतःच्या घ्या. हेल्मेट, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि चढाईचे बूट. बूट अंगठा किंचित दुमडेल इतके घट्ट, पण डोळ्यांत पाणी येईल इतके नाहीत. स्वतःचं बिले उपकरण आणि एक लॉकिंग कॅराबिनर (कुलपाची धातूची कडी) घेतलं तर अजून बरं.

दोर, क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवायची जोडकडी), अँकरचं सामान गटात एकाकडे असलं की पुरतं. दोर डायनॅमिकच हवा, म्हणजे पडल्यावर थोडा ताणला जाणारा. ट्रक बांधायचा, विहिरीचा, नायलॉनचा, "मामाच्या दुकानात मिळाला" असा कुठलाही दोर चालणार नाही. रॅपलिंगवाले जो स्टॅटिक दोर वापरतात तो लीड चढाईला (दोर खालून नेत, बोल्टला अडकवत चढण्याला) चालत नाही, कारण तो ताणला जात नाही आणि पडल्याचा सगळा झटका कमरेला आणि अँकरला बसतो. साठ मीटरचा दोर असेल तर खाली सोडताना त्याचा अर्धाच उपयोगी, म्हणजे तीस मीटर. हे गणित सोपं आहे आणि तरी जगभर लोक दोराचं टोक बिले उपकरणातून निसटून पडतात. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारा. प्रत्येक वेळी. चढाई दहा मीटरची असली तरी.

सेकंडहँड हार्नेस किंवा दोर अनोळखी माणसाकडून घेऊ नका. कॅराबिनर बघून कळतो, दोराचा इतिहास बघून कळत नाही.

चॉक आणा, पण बेताने. काळ्या दगडावर पांढरे पंजे रस्त्यावरून दिसतात. निघताना ब्रशने पुसा.

बोल्ट पक्के आहेत का?

हे कुणीही फोनवर सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बोल्ट तुमच्या डोळ्यांनी, त्या दिवशी, बघायचा. गंज आहे का? हँगर (बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी) हाताने फिरतोय का? नट सैल आहे का? भोवतीच्या दगडाला तडा गेलाय का? चार महिने धो धो पावसात राहिलेलं साधं पोलाद लवकर सडतं, स्टेनलेस जास्त टिकतं, पण बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत किंवा सारखेच मळकट दिसू शकतात.

एका जानेवारीत आमच्यातला एकजण दुसऱ्या एका कातळावर चौथ्या बोल्टला पोचला, दोर अडकवला, आणि हँगर त्याच्या हातात गोल फिरला. तो तिथून शांतपणे खालच्या बोल्टपर्यंत उतरला आणि चढाई तिथेच सोडली. खाली आल्यावर अर्धा तास बोलला नाही, मग चहा मागितला. तो निर्णय मला त्याच्या सगळ्या चढायांपेक्षा मोठा वाटतो.

वरच्या अँकरला एकाच बोल्टवर कधी भरवसा ठेवायचा नाही, किमान दोन. आणि नवे बोल्ट मारायला ड्रिल घेऊन येऊ नका. ज्यांनी आधी चढाईचे मार्ग उघडले त्यांच्याशी बोला. एकदा पडलेलं भोक बुजत नाही.

टॉप रोपने सुरुवात करू की लीडने?

टॉप रोप, म्हणजे दोर आधीच वरच्या अँकरमधून खाली आलेला. निदान पहिला मोसम.

बिले देणारा काय काय चुका करतो?

बोलतो. फोन बघतो. भिंतीपासून लांब, सावलीत, आरामात उभा राहतो. दोराचा खालचा भाग सोडून देतो, कारण "उपकरण आपोआप अडकतं". ते अडकतं, पण नेहमी नाही. ब्रेकचा हात दोरावरून कधीच सुटता कामा नये, मग उपकरण कुठल्याही कंपनीचं असो.

चढाई सुरू करण्याआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं. तुझी गाठ मी बघतो, माझं उपकरण तू बघ. फिगर ऑफ एट (आठाच्या आकाराची गाठ) पूर्ण आहे? हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर आहे? कॅराबिनरचं कुलूप फिरवलंय? ही तपासणी वीस सेकंदांची आहे. सर्वांत जास्त ती कोण विसरतं माहितीय? जुने. नवा माणूस घाबरलेला असतो म्हणून तीनदा बघतो.

हाका मराठीत द्या किंवा इंग्रजीत, पण ठरवून द्या. "ढील" म्हणजे दोर सैल, "ताण" म्हणजे घट्ट, "सोड" म्हणजे खाली सोड. आमच्यात एकदा "सोड" आणि "थोडं सोड" यांत गोंधळ झाला होता, म्हणून आता "सोड" हा शब्द आम्ही फक्त शेवटी वापरतो. हाकेच्या आधी नाव घ्या. शेजारच्या दोरावरही एखादा "अमित" असतोच.

दगड पडला तर काय ओरडायचं?

"दगड!" एकच शब्द, पूर्ण ताकदीने. खालच्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. हेल्मेट खाली बसलेल्यांनीही घालायचं, डबा खातानाही. कड्याच्या वरच्या अंगाला माकडं असतात, गुरं असतात, कधी सेल्फी काढणारी माणसं असतात, आणि तिघांचेही पाय घसाऱ्यावर पडतात.

मधमाश्यांचं काय?

साप, बिबट्या, भुतं या सगळ्यांपेक्षा मला भीती आग्या माश्यांची वाटते. मोठी आग्या मोहोळं कड्याच्या छज्जाखाली, म्हणजे आपल्याला चढायला आवडतं नेमकं तिथेच, लटकतात. पावसानंतर रानफुलं आली की त्या येतात, उन्हाळा सरता सरता बऱ्याच जातात. मागच्या महिन्यात मोहोळ नव्हतं, याचा अर्थ आज नाही असा नाही.

आल्यावर पहिलं काम: हार्नेस चढवण्याआधी अख्खी भिंत, कडेच्या भिंतींसह, नीट न्याहाळा. दुर्बीण असेल तर उत्तम. मोहोळ दिसलं तर त्या बाजूला जायचं नाही आणि "आपण हळूच करू" असं म्हणायचं नाही. अत्तर, डिओ, धूर, ड्रोन, मोठ्याने गाणी, या सगळ्यांनी त्या उठतात.

उठल्याच तर दोरावरच्या माणसाला लगेच खाली घ्या, सामान सोडा, डोकं-चेहरा कपड्याने झाका आणि पळा. झटकत उभं राहू नका. एक माशी मारली की तिच्या वासाने बाकीच्या येतात. धरणात उडी मारायची कल्पना सोडा, माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि माणूस बुडतो. गाडीपर्यंत पोचलात तर काचा बंद. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून लवकर काढा. श्वास अडकतोय, ओठ-चेहरा सुजतोय, अंगभर गांधी उठतायत असं दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट रुग्णालय. ज्यांना आधीपासून ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःजवळ ठेवावं आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे सोबत्याला दाखवून ठेवावं.

आणि साप?

फुरसं हा विषारी साप सह्याद्रीतल्या दगडांत राहणारा. मातकट, लहानसा, पटकन दिसत नाही. कप्प्यावर न बघता हात टाकू नका, वर जाताना आधी काठीने किंवा दोराच्या टोकाने चाहूल द्या, सॅक उघडी ठेवू नका, बूट घालण्याआधी झटका. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय स्थिर ठेवून सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. विंचवालाही हाच बूट झटकण्याचा उपाय.

अपघात झाला तर कुणाला कळवायचं?

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर आपत्कालीन मदत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही बचावपथकाची मंडळी या भागात वर्षानुवर्षं दऱ्याखोऱ्यांतून माणसं काढत आली आहेत. त्यांचा क्रमांक निघण्याआधी शोधून फोनमध्ये ठेवा. त्याच वेळी लोणावळ्यातल्या रुग्णालयांचे पत्तेही बघून ठेवा. खिंडीत नेटवर्क कुठे येतं हे आल्याआल्या पाहून घ्या. पडल्यावर शोधत बसायला नको.

एक ओळ अजून: उंचावरून पडलेल्या माणसाला "ऊठ, बस, पाणी पी" करू नका. मान-पाठ न हलवता झोपलेला ठेवा, उबदार ठेवा, बोलत राहा.

परवानगी लागते का? जमीन कुणाची आहे?

पवना खोऱ्यात गावठाण, खासगी मालकी, वनखातं असं सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. कुंपण, फलक किंवा नकार दिसला तर तिथेच थांबायचं. धरणात कित्येकांच्या जमिनी गेल्या आणि मग उरलेल्यांवर शहरातल्या लोकांचे तंबू आणि फार्महाऊस आले. त्यामुळे डोंगरावर दोर घेऊन आलेल्या अनोळखी माणसाकडे गावकरी संशयाने बघत असतील तर त्यात नवल नाही.

आल्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याला आपणहून सांगा, काय करतोय, किती वाजेपर्यंत आहोत. "रामराम काका, जरा दगडावर चढायला आलोय" एवढं पुरतं. पहिल्यांदा ते हसतील. दुसऱ्यांदा "मागच्या बाजूला मोहोळ बसलंय, तिकडं जाऊ नका" असं तेच सांगतील. आम्हाला असं दोनदा सांगितलं गेलंय.

जेवणाचं काय?

डबा आणा किंवा आदल्या दिवशी गावात सांगून पिठलं-भाकरीची सोय करा. ऐनवेळी दहा जणांची भाकरी मागून कुणाच्या माउलीला चुलीपुढे बसवू नका. पाणी माणशी तीन लिटर. कातळाजवळ पाण्याची सोय नाही असं धरूनच निघा.

शौचाची सोय?

निघण्याआधी लोणावळ्यात उरकून घ्या. गरज पडलीच तर पाण्याच्या वाटेपासून आणि पायवाटेपासून लांब, खड्डा करून, बुजवून. टिश्यू आणि पॅड पिशवीत परत. लाजायचं काही नाही, पण मागे ठेवायचं नाही.

चढाई संपल्यावर धरणात पोहायला जाऊ का?

नको. पाणी शांत दिसतं, काठ एकदम खोल होतो, आणि दिवसभर चढून दंड संपलेले असतात. दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात.

मुलींसाठी सुरक्षित आहे का?

हा प्रश्न आता बाबाच जास्त विचारतात. आमच्या गटात निम्म्या मुली आहेत आणि सर्वांत नीट बिले देणारी त्यांच्यातलीच आहे. सुनसान जागी जी काळजी सगळ्यांनी घ्यायची तीच: एकटं येऊ नका, अंधाराआधी खिंडीतून निघा, कुठे आहात हे कुणाला तरी माहीत असू द्या. केस बांधा, ओढणी किंवा सैल पट्टे नकोत. मोकळे केस बिले उपकरणात अडकले तर कात्री लागते.

वजन जास्त आहे, वय पंचेचाळीस. जमेल?

जमेल. सुरुवातीला बोटांना नव्हे, पायांना काम द्या आणि चढाईच्या दोन दिवसांच्या मध्ये चार दिवस विश्रांती. स्नायू आधी तयार होतात, बोटांचे स्नायुबंध मागून हळूहळू येतात. दुखापती त्या फरकातच होतात. बिले देणारा तुमच्यापेक्षा फार हलका असेल तर त्याला जमिनीला बांधून घ्या, नाहीतर तुम्ही खाली आणि तो वर, असं लाकडी पाळण्यासारखं दृश्य होतं. आम्ही ते पाहिलंय. हसू नंतर आलं.

भीती वाटते. ती जाते का?

पूर्ण नाही. सुरुवातीला उंचीची वाटते, नंतर पडण्याची, नंतर सोबत्याच्या गाठीची. दोरावर मुद्दाम छोटं छोटं पडून बघा, खालच्या माणसाला सांगून. दोर धरतो हे डोक्याला कळून उपयोग नाही, ते पोटाला कळावं लागतं.

घरी काय सांगू?

खरं सांगा. कुठे जातोय, कुणाबरोबर, कधी परत. "मित्राच्या फार्महाऊसवर" असं सांगून आलेल्याच्या घरी फोन करायची वेळ आमच्यावर एकदा आली होती, घोटा मुरगळल्याच्या साध्या कारणासाठी. त्याच्या आईचा पहिला प्रश्न होता, "फार्महाऊसला कातळ कुठून आला?"

फोटो, रील काढू का?

काढा. पण चढणाऱ्याच्या दोराखाली उभं राहून नाही, बिले देताना नाही, ड्रोनने तर नाहीच. जागेचा नकाशातला टाचणीबिंदू टाकू नका ही आमची विनंती. ज्याला यायचंय तो विचारून येईल, आणि विचारून आलेला माणूस बहुधा हेल्मेट घेऊन येतो.

गावातली मुलं जमतात आणि "आम्हाला पण चढू द्या" म्हणतात. देऊ का?

द्या, पण त्यांच्या घरच्यांना विचारून, हेल्मेट घालून, टॉप रोपवर आणि तुमच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाच्या बिलेवर. मोठ्यांचं हार्नेस आवळून, पट्ट्याला पीळ देऊन घालू नका, कमरेतून निसटतं. ही पोरं करवंदाच्या जाळीतून अनवाणी पळत येतात आणि ज्या पकडीवर आम्ही महिना घालवला तिथे पहिल्याच दिवशी पाय ठेवतात. पुढच्या वेळी येताना लहान मापाचं एक हार्नेस घेऊन या.